हरलेल्यांचा रस्ता

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी, पत्र्याच्या शेडखाली एक निळी बस उभी असायची. निळी आपली म्हणायची म्हणून; उन्हाने तिचा रंग असा चाटून नेला होता की जुन्या, शंभरदा धुतलेल्या सदऱ्यासारखी ती दिसे. त्या बसचा ड्रायव्हर म्हणजे आस्तेकदम. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते पगाराच्या दिवशी काय ते ऐकू येई. एरवी शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्याला आस्तेकदम म्हणत, आणि खेळाडू पोरं म्हणत काका.

हे नाव पडलं ते त्याच्या चालवण्यावरून. शेजारी काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळू नये, अशी त्याची गाडी. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांचे हात थकून जात. हा आरशात बघून नुसती मान हलवी, म्हातारा बैल गोमाशीला कान हलवतो तशी. पोरं म्हणत, "काका, गोगलगाय ओव्हरटेक करून गेली." तो म्हणे, "जाऊ दे बाबा. तिच्या घरी वाट बघत असतील."

विद्यापीठाचे संघ दोनच. मुलांचा फुटबॉल आणि मुलांचा व्हॉलीबॉल. शनिवार आला की दोन्हींपैकी एक संघ बसमध्ये चढायचा आणि आस्तेकदम त्यांना कुठल्या ना कुठल्या गावी घेऊन जायचा. इतकी वर्षं सामन्यांना गेलेला हा माणूस, पण त्याने सामना म्हणून कधी पाहिला नाही. मैदानाकडे बसची पाठ करून तो गाडी लावायचा. काचा पुसायचा, टायरांना बुटाने टोकरून बघायचा, मग पायरीवर बसून राहायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "मी पाहिलं म्हणून कुणी जिंकत नाही, आणि हरताना आपल्याला कुणी पाहावं असं कुणालाच वाटत नाही."

निकाल तो पोरांच्या पायांवरून ओळखी. जिंकलेला माणूस पाय उचलून चालतो. हरलेल्याला आपल्या बुटांचं ओझं होतं. दारातून चढताना जिंकलेली पोरं पत्रा बडवत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत. हरलेली एकेक करून, दोन सीट सोडून बसत आणि खिडकीबाहेर बघत. आस्तेकदमच्या बसचा एक नियम होता, तो नव्या पोरांना जुनी पोरं पहिल्या दिवशीच सांगत. बसमध्ये निकाल बोलायचा नाही. जिंकलात तर पत्रा बडवा, गाणी म्हणा, पण किती झाले, कुणामुळे झाले, हे शब्द फाटकाच्या आत गेल्यावर.

आता खरी गोष्ट. गावोगावाहून परत येताना विद्यापीठाच्या अलीकडे एक फाटा लागे. सरळ गेलं की नदीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. डावीकडे वळलं की तळ्याच्या बांधावरून जाणारा कच्चा रस्ता. तो तळ्याला पुरा वेढा घालून, लव्हाळ्यांतून, निवांतपणे मागच्या फाटकाशी पोचतो. पोरं जिंकलेली असली की बस सरळ पुलावरून जायची. हरलेली असली की फाट्यावर आस्तेकदम गाडी आणखी हळू करायचा आणि कुणाकडेही न बघता म्हणायचा, "पूल दुरुस्तीला आहे."

मग बस डावीकडे वळायची. बांधावर ना दिवे, ना घरं, ना माणसं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लव्हाळे. आस्तेकदम आतला दिवा बंद करी. त्या अर्ध्या अंधारात ज्याला रडायचं असेल तो रडून घेई, ज्याला भांडायचं असेल तो दबक्या आवाजात भांडून घेई, आणि बाकीचे पाण्यावर उतरणाऱ्या पाखरांकडे बघत राहत. फारच मोठी हार असली तर मध्येच बस थांबे. "इंजिन तापलंय," असं सांगून तो खाली उतरे आणि बॉनेट उघडून गार पडलेल्या इंजिनाकडे उगाच बघत उभा राही. फाटक येईतोवर पोरांचे चेहरे धुतल्यासारखे झालेले असत. वसतिगृहात, वाट बघणाऱ्या मित्रांत जाताना मान वर करता येई.

हे तो कुणालाच बोलला नव्हता. माहीत होतं एकट्या बायकोला, तेही सांगितल्यामुळे नव्हे. शनिवारी नवरा उशिरा आला की ती जेवण पुन्हा गरम करत म्हणायची, "आज पूल दुरुस्तीला होता वाटतं."

तिचं आणि त्या बसचं कधी पटलं नाही. "लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, घरात मी एकटीच सून," ती शेजारणींना सांगायची. "बघते तर काय, माझ्याआधीच एक सवत शेडखाली उभी. शनिवार सगळे तिचे. मला उरलेसुरले वार." हे ती हसत म्हणायची, पण त्या हसण्याला एक बारीकशी किनार होती. येत्या वर्षी नवरा निवृत्त होणार होता. त्याने शब्द दिला होता की मग शनिवार तुझे.

त्याच वर्षी विद्यापीठात नव्या संघांचं वारं सुटलं. मुलींचा फुटबॉल, पोहणं आणि हँडबॉल असे तीन संघ नवीन काढावेत, असं क्रीडा विभागाच्या बाईंनी लिहून दिलं. मग काय, दोन तट पडले. ग्रंथपाल म्हणाले, आमच्याकडे पुस्तकांना वाळवी लागते, आणि तुम्ही चेंडू विकत घेताय. व्हॉलीबॉलची मुलं म्हणाली, आमचंच जाळं गाठी मारून मारून माशांच्या जाळ्यासारखं झालंय, आधी ते बदला. प्राध्यापकांत कुणी म्हणे, खेळाने विद्यापीठाचं नाव होतं. कुणी म्हणे, नाव अभ्यासाने होतं, खेळाने आवाज होतो. ज्याचं त्याचं थोडंथोडं खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

आस्तेकदमला कुणी विचारलं नव्हतं, पण त्याचंही मत होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन संघ नकोत. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," असं तो शेडखाली येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवी.

एका सकाळी शेडखाली एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, किडकिडीत, आणि हात कोपरापर्यंत खरचटलेले. मुलींचा फुटबॉल अजून विद्यापीठाचा नव्हता, पण मुली खेळायच्या थांबल्या नव्हत्या. मुलांना मैदान लागायच्या आधी, भल्या पहाटे त्या सराव करत. प्रत्येकीचा सदरा वेगळ्या रंगाचा. सामने असले की मिळेल त्या गाडीने उभ्याने जात. ही त्यांची गोलकीपर आणि कप्तान. तिच्या हातून चेंडू सुटत नाही म्हणून मैत्रिणी तिला कुंपण म्हणत. तिच्या बापाचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. बाप कुलपं उघडतो आणि पोर गोल बंद करते, अशी चेष्टा विद्यापीठभर चाले.

"काका, तुम्ही आमच्याविरुद्ध बोलता म्हणे," ती म्हणाली.

"विरुद्ध नाही गं. अंथरूण पाहून—"

"ते ऐकलं मी. पण अंथरूणच लहान असेल तर दुसरं शिवावं की. का माणसाने जन्मभर पाय पोटाशी घेऊन झोपायचं?"

तो म्हणाला, बस म्हातारी झाली, तिला झेपायचं नाही.

"बसला की तुम्हांला?"

तो आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

त्या संध्याकाळी घरी त्याने जेवण अर्धंच टाकलं. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. बायको म्हणाली, होऊ देत की पोरींचा संघ. तुम्ही तर घरी बसणार, जो येईल तो त्याचं बघेल.

"तेच तर," आस्तेकदम म्हणाला. "दोन संघांचं हरणं इतकी वर्षं मी वाहिलं. पाच संघांचं कोण वाहील? नवा येईल तो जाईल पुलावरून भरधाव. हरलेल्या पोरांना तसंच्या तसं फाटकात ओतून मोकळा होईल. संघ वाढले की जिंकणं वाढतं असं वाटतं या लोकांना. वाढतं ते हरणं. दर सामन्याला एक तरी हरतोच."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात थट्टेचं काहीतरी आलं होतं, पण तिने ते परत गिळलं. नुसतं म्हणाली, "हरणं वाहते बस. तुम्ही आपले चालवता." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून ती कामाला लागली.

क्रीडाबाई हुशार होत्या. त्यांनी कुलगुरूंकडून एक परवानगी काढली. कार्यकारी मंडळाची सभा ज्या शनिवारी संध्याकाळी होती, त्याच दिवशी सकाळी मुलींचा सामना दूरच्या गावी, तिथल्या विद्यापीठाच्या मान्यता असलेल्या संघाशी ठेवला. एक दिवसापुरती बस द्यायची. सामना खेळून मुली परत येतील, आणि सभेत त्यांच्या कप्तानाने उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं. मंडळाची अट अशी की बोलणार एकच. कुंपण आठवडाभर आरशासमोर भाषण पाठ करत होती. सामना, सभा आणि संघ, तिन्ही एका दोरीत ओवलेले होते.

शनिवारी मुली बसमध्ये चढल्या तेव्हा आस्तेकदमला गंमत वाटली. मुलं धक्काबुक्की करत घुसत. या एकेक करून आल्या, सीटवर हात फिरवून बसल्या, एक तर बसून पुन्हा उठली आणि खिडकीजवळची जागा मैत्रिणीला देऊन पुन्हा बसली. एकीने विचारलं, "काका, खिडकी उघडली तर चालेल का?" विद्यापीठाच्या बसमध्ये बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. नियम मात्र त्यांना आधीच माहीत होता. मुलांकडून ऐकला होता, आणि कुंपणने निघताना सगळ्यांना बजावलं होतं: ही विद्यापीठाची बस आहे, इथला नियम आपण मोडायचा नाही, उद्या कुणी म्हणायला नको की मुलींना रीत कळत नाही.

सामना चालू असताना आस्तेकदम नेहमीसारखा पाठ करून बसला. मैदानातून एकच आवाज सारखा येत होता, कुंपणचा. गोलातून ती साऱ्या संघाला हाका मारत होती. मागे ये, डावीकडे, सोडू नको. शेवटी शेवटी तो आवाज फाटत फाटत बंद पडला. शिट्टी वाजली. बऱ्याच वेळाने मुली परत आल्या.

आस्तेकदमने आरशातून पाहिलं. मुली एकमेकींच्या गळ्यात हात घालून, हळूहळू, बूट ओढत येत होत्या. दोघी उघड रडत होत्या. एकीचा गुडघा फुटला होता. कुंपण सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, हातमोजे छातीशी धरून चालत होती. त्या हातमोज्यांना तिने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. बसमध्ये चढल्या, बसल्या. पत्रा कुणी बडवला नाही. गाणं कुणी म्हटलं नाही. निकाल बोलायचा नाही, तो कुणी बोललं नाही.

इतक्या वर्षांत पोरांचे पाय वाचून त्याची कधी चूक झाली नव्हती.

वाटभर मुलींना झोप लागत गेली. पहाटेच्या उठलेल्या, उन्हात पळालेल्या. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. फाटा आला. आस्तेकदमने गाडी हळू केली. त्याला सभा ठाऊक होती. पण अशा सुजलेल्या डोळ्यांनी ही पोर त्या मोठ्या माणसांपुढे उभी राहणार? ते कीव करतील. कीव आली की संघ मिळत नाही, नुसता चहा मिळतो. आणि सभा कधी वेळेवर सुरू झालीय? आधीचे विषय रेंगाळतील, कुणी कुणावर घसरेल. तेवढ्यात तळ्यावरून जाऊनही पोचता येईल.

"पूल दुरुस्तीला आहे," तो म्हणाला.

कुंपण जागी होती. तिने घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात विचारलं, वेळेत पोचू ना? तो म्हणाला, पोचू.

बांधावर उन्हं कलती झाली होती. पाण्यावर वारा नव्हता. आरशात पाहिलं तर आता कुंपणही झोपली होती, तोंड थोडं उघडं, हातमोजे मांडीवर. आस्तेकदमला आपल्या बायकोची आठवण झाली; कधी काळी त्याची वाट बघत, ताटावरच तिला डुलकी लागायची. झोपलेल्याला उठवू नये. त्याने बस थांबवली आणि इंजिन बंद केलं. थोडा वेळ, म्हणजे चेहऱ्यांवरची सूज उतरेल. तो खाली उतरला नाही. नुसता बसून राहिला, मागे सगळी बस एका लयीत श्वास घेत होती, आणि त्याला वाटलं, या पोरींचं हरणं आपण नीट वाहतोय.

मागच्या फाटकाशी पोचले तेव्हा क्रीडाबाई तिथे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहूनच कळलं. एका सभासदाला परगावची गाडी गाठायची होती म्हणून सभा जन्मात पहिल्यांदा वेळेवर सुरू झाली आणि वेळेआधी संपली. नव्या संघांचा विषय आला तेव्हा मुलींकडून कुणी नव्हतं. ज्यांना स्वतःच्या संघासाठी वेळेवर येता येत नाही त्यांना संघ कशाला, असं कुणीसं म्हणालं आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षी यातल्या निम्म्या मुली शिकून बाहेर पडणार होत्या. कुंपणसुद्धा.

बसच्या दाराशी कुंपण थांबली. आवाज नव्हताच, ओठ हलले. तरी त्याला कळलं.

"मुद्दाम केलंत ना, काका?"

ती निघून मुख्य इमारतीच्या पायऱ्यांकडे गेली. गुडघा फुटलेली मुलगी मागे राहिली होती. ती म्हणाली, "आम्ही जिंकलो होतो, काका. पहिल्यांदा."

"मग रडत का होतात?"

"पहिल्यांदा जिंकलो म्हणून."

आस्तेकदम स्टेरिंगला धरून बसून राहिला. त्याला लोक हळू म्हणत, जुनाट म्हणत, त्याचं त्याला काही वाटत नसे. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. आणि ती पोर म्हणाली त्यात तिची काय चूक? सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं, आस्तेकदमला हे संघ नको होते.

मग तो उठला. मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर तो इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी चढला नव्हता. कुंपण पायऱ्यांवर बसली होती, तिला तो म्हणाला, "चल. बोलू नको, नुसती चल." क्रीडाबाई आडव्या आल्या, त्यांनाही तो थांबला नाही. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात मंडळाचे लोक चहाचे कप हातात घेऊन उभे होते. गाडी गाठायची होती ते निघून गेले होते, पण बाकीचे होते. टोपी काढून आस्तेकदम त्यांच्यापुढे उभा राहिला.

त्याने सांगितलं की मुलींना उशीर झाला तो त्याच्यामुळे. त्या हरल्या असं त्याला वाटलं. हरलेल्या पोरांना तो तळ्यावरून आणतो, म्हणजे त्यांना रडायला वेळ मिळतो. पूल दुरुस्तीला आहे असं सांगतो. आज चुकलो. शिक्षा करायची तर मला करा, पण ह्या पोरीचं ऐकून घ्या.

मग सगळ्यांच्या मागून कुलसचिव पुढे आले. ते उंच, टक्कल पडलेले, आणि खर्चाच्या कुठल्याही कागदावर आधी 'नाही' लिहून मग तो वाचणारे गृहस्थ. नव्या संघांना सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. पण एके काळी ते याच विद्यापीठाचे व्हॉलीबॉलचे खेळाडू होते, आणि याच बसमध्ये मागच्या बाकावर पाय पसरून बसत.

"काका," ते म्हणाले. कुलसचिवांनी ड्रायव्हरला काका म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. "म्हणजे तो पूल कधीच दुरुस्तीला नव्हता?"

"नव्हता, साहेब."

"आम्ही अंतिम सामना हरलो, शेवटची सर्व्हिस माझी जाळ्यात गेली, तेव्हा..."

"तेव्हाही नव्हता. इंजिनही तापलं नव्हतं."

कुलसचिवांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "मी या पुलाच्या कारभारावर वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुलगुरूंना हसू आलं, मग बाकीच्यांना आलं. ते हसणं वाईट नव्हतं. कुलगुरू म्हणाले, चला, बसू पुन्हा थोडा वेळ.

आत गेल्यावर खरी पंचाईत झाली. कुंपण उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. सामन्याने तिचा घसा पार बसला होता. बोलणार एकच, अशी मंडळाची अट, आणि त्या एकीला आवाज नाही. तिने मागे वळून पाहिलं. मैत्रिणी खाली, क्रीडाबाई दाराबाहेर. जवळ होता तो फक्त आस्तेकदम. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग त्याची बाही ओढली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

असं ते भाषण झालं. तिने कानात सांगायचं, याने मोठ्याने म्हणायचं. जो माणूस वर्षभर शेडखाली अंथरुणाची म्हण ऐकवत होता, तो आता तिचं एकेक वाक्य उचलून मंडळापुढे ठेवत होता. आम्ही पहाटे खेळतो. आमचे सदरे वेगवेगळे आहेत म्हणून चेंडू देताना चूक होते. ग्रंथपालसाहेबांचं खरं आहे, वाळवी वाईट. आम्हांलाही पुस्तकं हवीत. इथपर्यंत त्याने सगळं सुरळीत म्हटलं. मग पुढचं वाक्य तिने कानात सांगितलं आणि तो थांबला.

"काय म्हणते ती?" कुलगुरूंनी विचारलं.

आस्तेकदमने घसा खाकरला. "ती म्हणते, आम्ही जिंकायला संघ मागत नाही. मुलं हरली की विद्यापीठ हरतं. आम्ही हरलो तर कुणीच हरत नाही. आम्हांला..." तो पुन्हा थांबला. "आम्हांला, हरलो तर ते कुणाचं तरी हरणं व्हायला हवंय."

त्याने टोपी हातात चुरगाळली आणि मग विचारलं नसताना आपलंही एक वाक्य पुढे जोडलं. "मी नको म्हणत होतो, साहेब. माझं चुकलं होतं. हिचं बरोबर आहे."

त्या दिवशी सगळं काही मिळालं नाही. पोहण्याचा संघ बारगळला, कारण पोहायला पाणी कुठलं. हँडबॉलला पुढे बघू म्हणाले. ग्रंथपालांनी वाळवीचा विषय आपल्या बाजूने वळवून घेतला. मुलींच्या फुटबॉलला मात्र एका वर्षासाठी मान्यता मिळाली. पुढचं पुढे ठरवू, असं कुलसचिवांनी स्वतः लिहिलं. खाली उतरताना पायऱ्यांच्या मध्यावर कुंपणच्या बुटाची नाडी सुटली. ती वाकली आणि हातमोजे सहज आस्तेकदमच्या हातात दिले. नाडी बांधून होईपर्यंत त्याने ते दोन्ही हातांवर, अंडी धरावीत तसे धरून ठेवले.

घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. "म्हणजे माझे शनिवार गेले," ती म्हणाली. निवृत्तीला अवकाश होता, आणि संघ आता तीन. आस्तेकदम म्हणाला, गेले नाहीत. तू चल की. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामीच असते. बायको म्हणाली, सवतीच्या घरी पाहुणी म्हणून? पण पुढच्या शनिवारी ती केस विंचरून, हातात विणकामाची पिशवी घेऊन शेडखाली हजर होती.

विद्यापीठाचा म्हणून मुलींचा तो पहिला सामना. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे, छातीवर विद्यापीठाचं नाव. आस्तेकदमने मैदानाकडे पाठ करून गाडी लावली. बायको मात्र मैदानाभोवतीच्या तारेशी जाऊन उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत तिथून हलली नाही.

मुली परत आल्या. बूट ओढत, एकेक करून. दोन सीट सोडून बसल्या. आस्तेकदमने आरशातून पाहिलं, पण आता त्याचा आपल्या डोळ्यांवर पुरता भरवसा राहिला नव्हता. रडतायत, पण कशाने? विचारायचं तर नियम त्याचाच. बायकोकडे पाहिलं, तर ती नियम पाळून सुयांकडे बघत होती. फाटा जवळ आला. त्याने गाडी हळू केली, आणखी हळू केली, आणि सरळ जावं की वळावं ते त्याला कळेना.

मागून पुढच्या सीटच्या दांडीला धरत कुंपण आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. या वेळी आवाज शाबूत होता.

"काका," ती म्हणाली, "पूल दुरुस्तीला आहे वाटतं."

"हो," आस्तेकदम म्हणाला. "कालपासूनच." आणि त्याने गाडी डावीकडे घातली.

बांधावर आल्यावर त्याने आतला दिवा मालवला. मागे कुणीतरी हुंदका दिला, मग कुणीतरी नाक ओढलं. बायकोने विणकाम पिशवीत ठेवलं, आपला रुमाल काढला आणि न बघताच मागे धरला. कुणीतरी तो घेतला. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. लव्हाळे, पाणी, पाण्यावर शेवटचा उजेड. इतकी वर्षं ज्याच्यामुळे तिचं जेवण थंड होत आलं, ते तळं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"जरा हळू घ्या," ती म्हणाली.

आस्तेकदमला आयुष्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने गिअर बदलला आणि गाडी आणखी हळू केली.